अस्सल, नक्कल आणि एक रॉक अल्बम

१

१९८८ साली सीबीएस कंपनीने मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडचा ‘रॉक एन रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम बाजारात आणला. इंग्रजी गाणी, विजेवरच्या गिटारींचा दणका आणि तरीही एकदा ऐकल्यावर गुणगुणता येतील अशा चाली, असे त्याचे स्वरूप होते. या प्रकाराला ‘मेलोडिक हार्ड रॉक’ म्हणतात. अमेरिका-इंग्लंडमध्ये त्या दशकात तो फार लोकप्रिय होता. आपल्याकडे त्याची नक्कल करणारे पुष्कळ होते. रॉक मशीनचे वेगळेपण असे की अल्बममधली गाणी त्यांची स्वतःची होती.

मराठी माणसाने लिहिलेल्या संगीताच्या इतिहासात या अल्बमचा उल्लेख सहसा सापडत नाही. नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, भजन, चित्रपटगीत यांवर आपण भरपूर लिहिले आणि दिवाळी अंकांनी त्यात मोठा वाटा उचलला. रॉक मात्र ‘इंग्रजी शाळेतल्या पोरांचे खूळ’ म्हणून कडेला राहिले. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया, जयेश गांधी ही या बँडशी जोडलेली नावे एका ओळीत वाचली, तरी हे संगीत कुठल्या शहरात उगवले ते कळते. मुंबई सोडून दुसरीकडे अशी यादी तयार होणे अवघड होते. हाच बँड १९९३ साली ‘इंडस क्रीड’ झाला, १९९७मध्ये थांबला, २०१०मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली त्याने ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा अल्बम काढला.

मी साताऱ्याच्या कोरेगावचा. आमच्या गावाचे नाव घेतले की लोकांना भीमेकाठचे कोरेगाव आठवते. आमचे कोरेगाव पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. माझा वावर मुख्यतः मोडी कागदांमध्ये असतो. तेव्हा रॉकच्या एका अल्बमवर मी का लिहावे, असे कुणी विचारील. कारण हा अल्बम अलीकडे मी ‘लॉसलेस’ म्हणजे ध्वनीचा एकही कण न गाळलेल्या स्वरूपात ऐकला, आणि ऐकताना मला वारंवार जुन्या कागदांचेच प्रश्न पडत गेले. समोर आहे ते अस्सल की नक्कल? नक्कल असेल तर कशावरून केलेली? मधल्या हातांनी काय गाळले, काय घातले? या लेखात त्या प्रश्नांचा माग काढायचा आहे.

२

आधी त्या अल्बमची पूर्वपीठिका पाहू. भारतात रॉकच्या रेकॉर्डी १९८८च्या आधीही निघाल्या होत्या. एका सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ या अखिल भारतीय स्पर्धेतल्या बँडांच्या दोन एलपी १९७० आणि १९७१ सालच्या आहेत. मुंबईतल्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही एलपीही त्याच परंपरेतली. परंतु त्या काळच्या बँडांचे पोट परक्या गाण्यांवर चाले. श्रोत्यांना हॉटेलात आणि कॉलेजच्या महोत्सवात डीप पर्पल किंवा लेड झेपेलिन हवे असायचे आणि ते जो जास्तीत जास्त हुबेहूब वाजवील तो मोठा. स्वतःचे गाणे सुरू झाले की लोक चहा प्यायला उठत.

स्वतःचे गाणे स्वतः मुद्रित करण्याचा मार्ग शेजारच्या गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी दाखवला. त्यांचा ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम १९८४चा. शिवोलीच्या राहत्या घरी, चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर, बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवून त्यांनी तो मुद्रित केला आणि स्कूटरवरून फिरून कॅसेटी विकल्या. त्याच १९८४ साली मुंबईत रॉक मशीन उभे राहिले. सुरुवातीला तेही इतरांची गाणी वाजवीत.

१९८६ साली धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक मेळा सुरू झाला. रंगभवन म्हणजे उघड्यावरचे नाट्यगृह. १९७८पासून तिथे ‘जॅझ यात्रा’ही भरत होती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद पडले. पण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या रंगमंचाने मुंबईच्या बँडांना स्वतःचा श्रोता मिळवून दिला. स्वतःची गाणी ऐकून घेणारा समूह आधी तयार झाला आणि त्यानंतर कंपनीने अल्बमवर पैसे घातले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एमटीव्ही उपग्रहावरून आपल्या घरात येण्याला तेव्हा आणखी तीन वर्षे होती.

३

१९८८ साली गाणे घरी नेण्याचे मुख्य साधन कॅसेट हे होते. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ही डबी भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती ऐंशीच्या दशकात. रेकॉर्ड दाबायला मोठा कारखाना लागे. कॅसेट भरायला एक खोली पुरे. त्यामुळे एचएमव्हीची मिरासदारी संपली आणि टी-सिरीजसारख्या कंपन्या वर आल्या. सातारा-सांगलीकडच्या बाजारपेठांत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीते, भीमगीते, तमाशातले वग, कीर्तने हे सगळे कॅसेटवर आले. ज्या आवाजांना रेकॉर्ड कंपन्यांनी कधी दारात उभे केले नसते, त्यांना कॅसेटने घरोघर पोचवले. हा उपकार मोठा आहे, आणि पुढे तिचे दोष सांगताना तो विसरून चालणार नाही.

रॉक आमच्याकडे आले ते अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून. कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६०चे, सांगलीचे वालचंद १९४७चे. मुंबई-पुण्याची मुले तिथे राहायला येत आणि येताना टेपरेकॉर्डर व कॅसेटी आणत. एका खोलीतली कॅसेट दुसऱ्या खोलीत ‘भरून’ घेतली जाई. बाजारातली दुकानेही यादी दिली की कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देत. माझ्याकडे असलेली ‘रॉक एन रोल रेनेगेड’ अशीच आहे. माझ्या आतेभावाने कऱ्हाडला शिकत असताना भरून घेतलेली. वेष्टनाच्या जागी वहीचा कागद, त्यावर निळ्या शाईत बँडचे नाव. मूळ कॅसेटवरून एक नक्कल, तिच्यावरून दुसरी, आणि ही दुसरी आमच्या घरी आली.

प्रत्येक पायरीवर काय होते ते पाहण्यासारखे आहे. स्टुडिओत बहुपट्टी ध्वनिमुद्रणाला दोन इंच रुंदीची फीत वापरीत. ती सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर वेगाने धावे. कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि तिचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. जेवढी फीत कमी तेवढी तिच्यावरच्या चुंबकीय कणांची जागा कमी, आणि जागा कमी म्हणून फितीचा स्वतःचा ‘स्स्स’ असा आवाज गाण्याच्या मानाने मोठा. वाचणारे चुंबकी मुख जरासे तिरके असले की वरचे सूर, म्हणजे झांजेची किणकिण किंवा गाणाऱ्याचा सकार, बोथट होतात. एका यंत्रावर भरून दुसऱ्यावर वाजवले की हा तिरकेपणा हमखास आड येतो. नकलेची नक्कल करताना आधीचे सगळे दोष जसेच्या तसे येतात आणि नव्यांची भर पडते. मोडी कागद उतरवून घेणाऱ्या कारकुनांच्या बाबतीत हेच घडे. पहिल्याने काना गाळला, दुसऱ्याने तो शब्दच वेगळा वाचला, तिसऱ्याने अर्थ लागावा म्हणून पदरचे दोन शब्द घातले.

४

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमपीथ्री आली. सीडीवर एका सेकंदाच्या ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेतलेली असतात, आणि ती डाव्या व उजव्या बाजूसाठी वेगवेगळी. प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी असते. या हिशोबाने सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट्स लागतात. त्या वेळच्या टेलिफोनच्या तारेतून हे ओझे जाणार नव्हते. एमपीथ्रीने ते सव्वा लाखाच्या आसपास आणले, म्हणजे सुमारे एक अकरांश. हे कसे जमले? माणसाच्या कानाचा अभ्यास करून. मोठ्या आवाजाच्या सावलीत बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग तो ठेवायचा कशाला? एमपीथ्री असे आवाज निवडून काढून टाकते, उरलेल्यांचा तपशील कमी करते आणि काढून टाकलेले पुन्हा कधीही परत येत नाही.

वि. का. राजवाड्यांनी अस्सल पत्र आणि बखर यांच्यात जो भेद केला, तो मला इथे उपयोगी वाटतो. राजवाड्यांचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईत सापडलेल्या कागदांवर. बखर ही घटना घडून गेल्यावर, ऐकणाऱ्याला काय हवे ते ओळखून लिहिलेली असते. तिच्यात कथा पुरी असते, रस असतो, पण तारखा ढळलेल्या असतात आणि जे सांगण्यासारखे वाटले नाही ते गेलेले असते. अस्सल पत्रात कथा नसते. तिथे असतो एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट माणसाने, एका विशिष्ट कामासाठी लिहिलेला मजकूर, आणि त्यातल्या फालतू वाटणाऱ्या तपशिलांतूनच पुढे इतिहास उभा राहतो. एमपीथ्री ही ध्वनीची बखर आहे. ऐकणाऱ्याला गाणे पुरते कळते. पण ‘यापुढे कुणाला लागणार नाही’ असे समजून जे गाळले, ते नेमके इतिहास शोधणाऱ्याला लागते.

हार्ड रॉकला या गाळणीचा फटका जास्त बसतो. एकट्या गायकाच्या मागे तंबोरा असेल तर एमपीथ्रीचे काम सोपे असते. विकृत केलेल्या गिटारीचा आवाज मात्र खालपासून वरपर्यंत सगळी जागा व्यापतो, त्यावर झांजा सतत वाजत असतात आणि ढोलाचा ठोका क्षणात उठून क्षणात संपतो. सव्वा लाखाच्या माफक शिध्यात हे सगळे बसवताना झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळ होतो आणि ठोक्याच्या किंचित आधीच त्याची पुसट चाहूल लागते. कॅसेटवरून केलेल्या जुन्या एमपीथ्रींमध्ये तर एमपीथ्रीला फितीची खरखरही जपावी लागते, आणि त्यात गाण्याच्या वाट्याचा शिधा कमी होतो.

५

‘लॉसलेस’ची कल्पना यापेक्षा साधी आहे. त्यातला सर्वांत प्रचलित प्रकार ‘फ्लॅक’ हा २००१पासून उपलब्ध आहे. ॲपलने स्वतःचा तसाच प्रकार २००४मध्ये आणला आणि २०२१च्या जूनपासून आपल्या संगीतसेवेत श्रोत्यांना लॉसलेस ऐकण्याची सोय केली. यात काहीही गाळत नाहीत. आधीच्या मोजमापांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवायचा, अशी ही पद्धत. फरक लहान असतो म्हणून जागा वाचते. साधारणपणे फाइल निम्म्यावर किंवा त्याच्या जरा वर येते. उलगडली की मूळची मोजमापे एकूणएक परत मिळतात.

फ्लॅकच्या प्रत्येक फाइलच्या आरंभी मूळ ध्वनीवरून गणिताने काढलेली बत्तीस अक्षरांची एक खूण ठेवता येते आणि बहुधा ठेवलेली असते. ध्वनीत एका मोजमापाचा जरी फेरफार झाला तरी खूण जुळत नाही. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उठवीत. हेतू हा की मजकूर इथे संपला आहे, यापुढे कुणी काही घुसडू नये. दोन्ही व्यवस्थांमागची काळजी एकच आहे.

मात्र मुद्रा बरोबर असली म्हणजे मजकूर खरा असतोच असे नाही. बनावट सनदांनी वतनदारीच्या किती तंट्यांत घोळ घातला ते साधनांच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ध्वनीच्या दुनियेतही हे चालते. एमपीथ्री फाइल घेऊन ती फ्लॅकमध्ये साठवली की नाव ‘लॉसलेस’, खूणही जुळणारी, पण आतला ऐवज बखरीचा. हे ओळखण्याची रीत आहे. ध्वनीचा आलेख काढायचा, ज्यात आडवा काळ आणि उभी कंपनसंख्या असते. सव्वा लाखाच्या एमपीथ्रीत सुमारे १६,००० कंपनांच्या वर सगळे एकदम तुटलेले दिसते, सह्याद्रीच्या कड्यासारखे. कॅसेटवरून थेट केलेल्या फाइलीतही वरचे सूर कमी असतात, पण तिथे आलेख डोंगराच्या सोंडेसारखा हळूहळू उतरतो. कडा दिसला की समजावे, मधे कुणीतरी एमपीथ्री करून गेले आहे.

६

ही तपासणी करून मी तीन प्रती शेजारी ठेवल्या. एक घरची कॅसेट, नव्याने फ्लॅकमध्ये घेतलेली. दुसरी बऱ्याच वर्षांपूर्वी मित्राकडून मिळालेली एमपीथ्री. तिसरी पुण्यातल्या एका संग्राहकाने आपल्या एलपीवरून केलेली लॉसलेस प्रत.

पहिली गोष्ट आढळली ती वेगाची. कॅसेटवरचे प्रत्येक गाणे एलपीवरल्यापेक्षा सुमारे दोन टक्के आखूड भरले. म्हणजे घरची कॅसेट भरताना किंवा वाजवताना कुठलेतरी यंत्र वेगळ्या गतीने धावत होते. दोन टक्के म्हणजे सुरात पाहिले तर अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. ऐकताना हे बेसूर वाटत नाही, फक्त गायक थोडा कोवळ्या वयाचा वाटतो आणि बँड थोडा घाईत. तीन दशके आमच्या घरी या बँडचा जो ‘उत्साह’ वाखाणला गेला, त्यात मोटरीचाही वाटा होता.

अशा वेळी खरा वेग शोधण्याचा एक रूढ उपाय आहे. ध्वनिमुद्रणात विजेचा हलका गुणगुणाट शिरलेला असतो. आपल्याकडे तो ५० कंपनांचा. तो ५१ दिसला तर फीत दोन टक्के जलद चालली असे धरतात. भारतातल्या ऐंशीच्या दशकातल्या मुद्रणांना हा उपाय जपून लावावा लागतो, कारण त्या काळी आपल्या विजेची कंपनसंख्याच ५०वर स्थिर नसे. मागणी वाढली की ती खाली घसरे. युरोपातल्या अभ्यासकाला जो गुणगुणाट मोजपट्टीसारखा वापरता येतो, तो आपल्याकडे स्वतःच तपासून घ्यावा लागतो. साधन आणि त्याचा प्रदेश यांची अशी गाठ असते. म्हणून मी एलपीचा वेग प्रमाण मानला, तोही ती चांगल्या, वेग बांधून ठेवणाऱ्या तबकडी-यंत्रावर वाजवलेली होती म्हणून.

दुसरी गोष्ट अवकाशाची. एमपीथ्रीत सगळी वाद्ये एका सपाट भिंतीवर रंगवल्यासारखी ऐकू येतात. एलपीच्या प्रतीत ठोका वाजल्यानंतर मागे राहणारी घुमणी, ती संपतानाचा क्षण, आणि त्यानंतर पुढचा ठोका, असे तिन्ही टप्पे वेगळे झाले. ऐंशीच्या दशकात ढोलाला मोठी घुमणी देऊन ती अर्ध्यातच कापण्याची फॅशन होती. त्यामुळे घुमणी कुठे आणि कशी कापली आहे हे ऐकून मुद्रणाचा काळ ओळखता येतो. एमपीथ्रीत नेमका हाच पुरावा पुसट झालेला होता. कोरसमध्ये एकाच ओळीवर किती आवाज चढवले आहेत, ते आवाज एकाच गळ्याचे की वेगवेगळ्या, हेही एलपीवर शोधता येते. इंग्रजी उच्चारांतला मुंबईचा सकार-तकार तर मला प्रथमच नीट ऐकू आला. परक्या शैलीत गाताना जीभ आपला मुलूख कुठे सांगून जाते, याची नोंद कॅसेटच्या खरखरीत दबली होती.

एलपीलाही तिचे दोष आहेत. धुळीचे चट्चट् आवाज आहेत. शिवाय एलपीची खाच बाहेरून आत येत जाते आणि फेरा लहान होतो. तबकडी त्याच वेगाने फिरत असल्यामुळे सुईखालून सेकंदाला जाणारी खाच आतल्या बाजूला बाहेरच्या निम्म्याहून कमी लांबीची होते. म्हणून प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे थोडे चेपलेले आणि वरच्या सुरांत थोडे फाटके ऐकू येते. संग्राहकाने ही प्रत सेकंदाला ९६,००० मोजमापे घेऊन केली आहे. पण खाचेत जे उतरलेच नव्हते ते मोजमापांची संख्या वाढवून येणार कुठून? लॉसलेस प्रत आपल्याला एलपी पूर्ण देते. स्टुडिओतली मूळ फीत ती देऊ शकत नाही.

७

आणि इथे खरा प्रश्न येतो. अस्सल म्हणजे स्टुडिओतली मूळ फीत, जिला ‘मास्टर’ म्हणतात. लोखंडाच्या कणांचा लेप दिलेली ही फीत ओलाव्यात खराब होते, तिचा चिकट थर सुटू लागतो, बुरशी धरते. मुंबईच्या हवेत तिला थंड, कोरडी खोली लागते आणि त्या खोलीचे भाडे व विजेचे बिल कुणीतरी वर्षानुवर्षे भरावे लागते. हे काम कंपनीचे. पण कंपन्या विकल्या जातात. ‘रॉक एन रोल रेनेगेड’ निघाला त्याच १९८८च्या जानेवारीत सोनीने सीबीएसचा जगभरचा रेकॉर्ड व्यवसाय दोनशे कोटी डॉलरना घेतल्याचा व्यवहार पुरा झाला. अशा व्यवहारात हक्कांची यादी नीट हस्तांतरित होते. फितींच्या पेट्यांकडे तेवढे लक्ष असतेच असे नाही. जिथे पैसा मुबलक तिथेही हे घडते. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि मूळ फितींचा मोठा साठा जळाला. त्या नुकसानीची व्याप्ती जगाला कळली ती २०१९ साली, वर्तमानपत्राच्या शोधातून.

याच्या उलट उदाहरण त्याच सीबीएसचे आहे. तिच्या ‘एपिक’ या शाखेने १९७६ साली अमेरिकेत ‘बोस्टन’ नावाच्या बँडचा पहिला अल्बम काढला. मेलोडिक हार्ड रॉकचा तो आदर्श नमुना मानतात. टॉम शोल्झ हा त्याचा कर्ता पोलरॉइड कंपनीत अभियंता होता. अल्बमचा बराचसा भाग त्याने वॉटरटाउन गावी घराच्या तळघरात स्वतः मुद्रित केला. अमेरिकेत एकट्या या अल्बमच्या १ कोटी ७० लाख प्रती गेल्याची नोंद आहे. २००६ साली तो नव्याने निघायचा होता तेव्हा शोल्झने ते काम स्वतःकडे घेतले आणि ध्वनीची फेरमांडणी स्वतः केली. आज त्या अल्बमची लॉसलेस प्रत ऐकणाऱ्याला मूळ कर्त्याच्या हातचा मजकूर मिळतो. दोन्ही अल्बम पहिले, दोन्ही एकाच कंपनीचे, शैलीही जवळची. पण एकाचा जपणूकदार स्वतः कर्ता, आणि मागे प्रचंड विक्रीचे बळ. दुसऱ्याची जपणूक हौशी संग्राहकांच्या कपाटांवर अवलंबून.

संग्राहकांची ही परंपरा आपल्याकडे मोठी आहे. कोरेगावहून याच रेल्वेने पुढे गेले की मिरज लागते. तिथे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथेच विसावले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाऊन ठेवले आणि तीसच्या दशकात ‘ओडियन’साठी. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, एवढ्या सांदीत त्यांचा राग आज आपल्याला ऐकता येतो, तो मुख्यतः तबकड्या सांभाळणाऱ्यांमुळे. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांच्या याद्या, माहिती, लेख यांचे काम चालवले. चित्रपटांसाठी १९६४पासून पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे, तरीही १९३१च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. गाण्यांच्या बाबतीत तर भार प्रामुख्याने घरगुती कपाटांनीच वाहिला.

अब्दुल करीम खाँच्या तबकड्या लोकांनी का जपल्या? कारण हे जपण्याजोगे आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. रॉकच्या बाबतीत तशी खात्री समाजात कधी तयार झालीच नाही. वडिलांनी गेल्यावर मागे ठेवलेली नाट्यगीतांची पेटी मुले देवघराशेजारी ठेवतात. काकाच्या रॉकच्या कॅसेटी भंगारवाल्याकडे जातात. एखादी गोष्ट टिकते किंवा हरवते ते फितीच्या रसायनावर ठरते तसे या निवडीवरही ठरते. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चे संगीत पुन्हा नीट प्रकाशात आले ते २०११ साली, अमेरिकेतल्या एका कंपनीने ते नव्याने काढल्यावर. आपल्या शहरातला ऐवज किमती आहे हे आपल्याला परदेशातून कळावे, ही खेदाची गोष्ट आहे.

८

यातून करण्याजोगे काय निघते? माझ्या मते दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, नकलेबरोबर तिची वंशावळ लिहिणे. राजवाड्यांच्या पिढीने कागद छापताना तो कुणाच्या दप्तरात मिळाला हे सांगण्याची शिस्त घालून दिली. ध्वनीलाही ती लावायला हवी. कोणत्या प्रतीवरून घेतले, कॅसेट दुकानातली की भरून घेतलेली, कोणते यंत्र, कोणता दिवस, वेग दुरुस्त केला का, खरखर काढली का. खरखर काढलीच तर न काढलेली प्रतही ठेवावी, कारण उद्याच्या अभ्यासकाला आपल्या दुरुस्त्या दोष वाटू शकतात. फ्लॅकच्या फाइलीत हा मजकूर लिहिण्याची सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ही माहिती नसेल तर लॉसलेस फाइल म्हणजे स्वच्छ अक्षरातला पण तारीख नसलेला कागद. एमपीथ्रीही फेकू नये. बखरी फेकल्या असत्या तर आपण किती गोष्टींना मुकलो असतो! फक्त बखरीला बखर म्हणून नोंदवावे.

दुसरी, बाकी साधने गोळा करणे. अल्बम म्हणजे नुसता ध्वनी नसतो. रंगभवनाची तिकिटे, महाविद्यालयीन महोत्सवांची पत्रके, कॅसेटच्या दुकानातल्या याद्यांच्या वह्या, वसतिगृहात लिहिलेली वेष्टने ही सगळी त्या काळाची कागदपत्रे आहेत. त्या वेळचे वादक, ध्वनिमुद्रक आणि दुकानदार यांच्यातले बरेच जण आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी आजच लिहून घेता येतील. कऱ्हाड-सांगलीच्या वसतिगृहांत कोणती कॅसेट कोणत्या साली आली, कुणाकडून कुणाकडे गेली, यावरून महाराष्ट्रातल्या लहान गावांना इंग्रजी संगीत कसे भेटले याचा नकाशा काढता येईल. तो अजून कुणी काढलेला नाही.

माझ्या घरच्या कॅसेटची फाइल मी दोन टक्के वेगासह, खरखरीसह, जशी आहे तशी ठेवली आहे. तिच्या माहितीत लिहिले आहे: ‘नकलेची नक्कल, कऱ्हाडच्या वसतिगृहात भरलेली, वेग जास्त.’ संगीत म्हणून एलपीची प्रत तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण मुंबईत तयार झालेले एक गाणे सातारा जिल्ह्यात कसे पोचले आणि आम्ही ते कोणत्या स्वरूपात ऐकले, याचा पुरावा म्हणून ही वेगवान, खरखरती प्रतच अस्सल आहे.